ऐंशी आणि ऐंशी, त्र्याऐंशी

आमच्या घरात त्यांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य माझ्याशी नव्हतं, आमच्या ह्यांच्याशीही नव्हतं. ते फ्रीजशी होतं. उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता ते थबकले, मान डावीकडे कलती केली आणि स्वयंपाकघराकडे बघत अगदी हळू म्हणाले, "दमलास रं बाबा तू." फ्रीज नवा कोरा होता, वर मी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. आठ दिवसांत कॉम्प्रेसर बसला. लोकांची दृष्ट लागते, ह्या माणसाचा कान लागला, असं मी चाळभर सांगत फिरले आणि फ्रीजवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तेव्हा मी तिशीची होते. तिशीच्या बाईला स्वतःइतकं शहाणं कुणी दिसत नाही, आणि मी तर त्यातही वरच्या वर्गातली.

ते ह्यांच्या कंपनीतले. भोसरीतल्या एका फोर्जमध्ये दोघं हॅमर शॉपला, एकाच शिफ्टला. लालबुंद लोखंडावर टनाटनांचा हातोडा पडायचा, तो दिवसाला किती वेळा पडतो हे देवालाही माहीत नसेल. आम्ही बार्शीकडून आलेले, ते इथलेच, चऱ्होलीचे जुने शेतकरी. पुढे त्यांच्याच ओळखीने चऱ्होलीत रो-हाउस घेतलं आणि भिंतीला भिंत लागली. नाव सांगत नाही, कारण त्यांना आवडणार नाही आणि मलाही ते घ्यायची सवय नाही. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वैनी.

ह्या माणसाचा पहिला गुन्हा म्हणजे ते हळू बोलायचे. आता तुम्ही म्हणाल, हा काय गुन्हा. आमच्यात होता. आमची सगळी वस्ती हॅमरवाल्यांची, प्रेस शॉपवाल्यांची. आमच्याकडे नवरा बायकोच्या कानाशी "चहा टाक" म्हणाला की चार घरं चहा टाकायची. बाळाला अंगाई म्हटली तर शेजारचं बाळ जागं व्हायचं. त्यात हे गृहस्थ देवळात बोलावं तसं बोलायचे. समोरच्याला पुढे वाकावं लागायचं, कपाळं आपटायची. आणि जिवलग मित्र कोण, तर आमचे हे, ज्यांना पंचेचाळिशीतच दाराची कडी वाजलेली कळेनाशी झाली होती.

रोज संध्याकाळी दोघं कट्ट्यावर बसायचे. भाऊजी पुटपुटायचे, हे माना डोलवायचे. मग मला हाक यायची, "अगं, काय म्हणतोय तो?" मी पोळी तव्यावर टाकून यायची, भाऊजींचं ऐकायची आणि ह्यांच्या कानात ओरडून सांगायची. माझी निम्मी हयात दुभाषेगिरीत गेली. पगार नाही, बोनस नाही. म्हणून मी माझी भरपाई करून घ्यायची. भाऊजी म्हणायचे, "त्याला म्हणावं, कानाच्या डाक्टरकडं चल." मी ह्यांना सांगायची, "ते म्हणतायत, आज वांग्याची भाजी बरी झालीय." हे खूश व्हायचे. भाऊजी माझ्याकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. सगळं ऐकू येणारा माणूस गप्प बसला की फार चीड येते.

दुसरा गुन्हा कानातल्या बोळ्यांचा. कंपनीत कुणी कानाला काही लावत नसे त्या काळात भाऊजी खोबरेल तेलात भिजवलेले कापसाचे बोळे कानात घालून हॅमरसमोर उभे राहायचे. शॉपमधले लोक हसायचे. मी तर हसण्यात सगळ्यांच्या पुढे. चाळीत त्यांचं नाव मीच ‘बोळेबुवा’ पाडलं आणि ते चाललं म्हणून मला इतका अभिमान वाटला की जणू ग्रंथच लिहिला. पुढे कंपनीने सगळ्यांना स्पंजची नारिंगी बुचं वाटली. आमचे हे ती घेऊन घरी आले, मला दाखवली. मी म्हणाले, "पुरुषासारखा पुरुष आणि कानात बुचं घालून उभा राहणार? त्या बोळेबुवाशेजारी?" हे हसले. बुचं मी गोडेतेलाच्या बाटल्यांना लावली. मापात बसली अगदी. चार-पाच वर्षं माझं तेल सांडलं नाही.

हे मी आज लिहिते आहे तशा हलक्या आवाजात तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. भाऊजींनी सांगितलं होतं. मी वांग्याच्या भाजीत भाषांतर केलं.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला लागतात, गुडघ्यांना लागतात. भाऊजी आवाज मोजायला लागले. मुलीने त्यांना डेसिबल मोजायचं एक यंत्र आणून दिलं. तळहाताएवढं, टोकाला काळा स्पंजचा गोळा, जांभळासारखा. शर्टाच्या खिशातून ते सदा डोकं वर काढून असायचं. कुकरची शिट्टी मोजली, मिक्सर मोजला, पाण्याची मोटर मोजली. सोसायटीतल्या एका बाईंचं सासूशी भांडण मोजलं आणि खिडकीखालून आकडा सांगितला, तेव्हा दोघी एक झाल्या आणि त्यांच्यावर तुटून पडल्या. एकदा मी खळखळून हसत होते, तर हात लांब करून यंत्र माझ्या तोंडापुढे धरलं. "ब्याऐंशी, वैनी." ह्या वयातही माझं हसणं गोड आहे असं मला लोकांनी सांगितलेलं. ब्याऐंशी कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्यांचं ते गणित. "आवाजाची बेरीज करू नका वैनी. ऐंशीचा एक आवाज, त्याच्याशेजारी ऐंशीचा दुसरा, तर एकशेसाठ व्हत न्हाई. त्र्याऐंशी व्हतं." मी म्हणाले, "मग बरंच की, दुसरा आवाज जवळजवळ फुकटच." ते म्हणाले, "व्हय. म्हनूनच मान्सं दुसरा लावत्यात, मग तिसरा. आकडा सांगत न्हाई, कान सांगतो. पन उशिरा." मला त्यातलं काही कळलं नाही. कळलं नाही की मी कुत्सित हसायचे. त्याचाही आकडा त्यांच्याकडे असेल.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे लग्नाचं लॉन आहे. आळंदी रस्त्याला अशी लॉनं एकाला लागून एक. पूर्वी बँड यायचा, घोडा यायचा. आता जमिनी गेल्या, पैसे आले, तसं नवरदेव वरून यायला लागला. चाकणकडच्या एखाद्याने हेलिकॉप्टर आणलं की पुढच्या आठवड्यात भोसरीचा आणणार. धूळ आमच्या गच्चीवर, पापडांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर. पुरुष मंडळी गच्चीवर जाऊन हात हलवायची. भाऊजी यंत्र घेऊन भिंतीशी उभे. "शंभराला एक कमी," असं काहीतरी सांगून वहीत लिहायचे. ड्रोन आला की चेहरा आंबट. "हेलिकाप्टर छातीत बसतं, वैनी. वाजतं, पन जातं. ह्यो ड्रोन दातात बसतो. आकडा निम्मा बी न्हाई, पन मान्साला चैन पडू देत न्हाई. वर-खाली, वर-खाली, कधी थांबंल त्याचा भरोसा न्हाई."

बोलावणं नसताना ते लॉनवरच्या लग्नांत सरळ आत जायचे. दोन्ही बाजूंना ते दुसऱ्या बाजूचे वाटायचे. व्यवस्थित जेवायचे, आणि आहेराचं पाकीट द्यायचे. पाकिटात चिठ्ठी. ‘वराचे आगमन ९८. पंगत ८४. कन्येच्या आईचे रडणे ऐकू आले नाही. शुभाशीर्वाद.’ अशा एका पाकिटावरून लॉनचा मालक आमच्या दारात आला होता. मी सांगितलं, असे कुणी इथे राहत नाहीत. भाऊजी भिंतीपलीकडून म्हणाले, "ऱ्हातो की."

खरा तमाशा झाला तो सोसायटीच्या मीटिंगला. एक बिल्डर जाहिरातीसाठी रोज सकाळी ड्रोन उडवायचा, बरोबर बायका गच्चीवर न्हायलेले केस वाळवत असताना. आम्ही तक्रार घेऊन गेलो. कमिटीत सगळे आमच्या फोर्जचे, प्रेस शॉपचे रिटायर लोक. ते एकमेकांकडे बघायला लागले. "आवाज? ड्रोनला कुठे आवाज असतो? तो तर किती शांत असतो." आमच्यापैकी एक म्हणाली, "डोकं फुटायची वेळ येते." चेअरमन म्हणाले, "बायकांना जरा जास्तच वाटतं."

भाऊजींनी सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं केलं. डोळे मिटा, म्हणाले, आवाज आला की हात वर करा. सांगताना इतके हळू बोलले की पुरुषांना ते मलाच ओरडून सांगावं लागलं. थोड्या वेळाने ड्रोन आला. आम्हा बायकांचे हात सटासट वर. बाप्यांचे सगळे हात मांडीला चिकटलेले, प्रार्थनेला उभे असल्यासारखे. ड्रोन त्यांच्या टकलांवर घिरट्या घालत होता. "आला का?" चेअरमन डोळे मिटूनच विचारत होते. "अजून नाही आला ना?"

डोळे उघडल्यावर त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, हात मोजले. अकरा पुरुष, नऊ बायका. मग म्हणाले, "बहुमताने आवाज नाही." आणि मीटिंगच्या वहीत तसं लिहिलं.

आमचे हे त्या अकरांतले. घरी येताना मजेत म्हणाले, "अगं, मला आपलं वाटत होतं, चऱ्होलीत डास कमी झालेत."

मी हसले. नेहमीच्या ब्याऐंशीला नसेन पोचले. भाऊजी माझ्या शेजारून चालत होते, त्यांनी खिशाकडे हात नेला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. पण मला त्याचाही रागच आला. एखाद्याने वीस वर्षांपूर्वी तुम्हाला सांगितलेलं असतं, आणि आता तो "मी म्हनलो हुतो" असं एकदाही म्हणत नाही. त्याने ते म्हणावं म्हणून तुम्ही वाट बघत राहता. तो म्हणत नाही. ह्याच्याइतका छळ दुसरा नाही.

मध्यंतरी ते शांतता शोधायला भीमाशंकरकडे एका नातेवाइकाच्या शेतावर राहायला गेले. मी नारळ दिला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. आठव्या दिवशी परत. "काय झालं?" "रातकिडे," म्हणाले, "आपल्या मेन रोडापरीस पाच जास्त." पुन्हा भिंतीला भिंत.

मग आमच्या नातीचं लग्न ठरलं. सई. नवरदेवाकडचे चाकणचे, चांगले लोक, हौशी. मुलाच्या चुलत्यांची फॅब्रिकेशनची शेड आहे. ते बोलणीला आले आणि म्हणाले, "आजी, अक्षता पडल्या की वरून पुष्पवृष्टी. हेलिकॉप्टर आमच्याकडून. आणि ड्रोन शूटिंग तर आहेच." मी लाजून नको नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बाई, किती छान." कारण माझ्या धाकट्या जावेच्या नातीच्या लग्नाला नुसता धूर सोडणारा रथ होता. बासष्ट-पासष्टीला बाई पोक्त होते म्हणतात. मी अडुसष्टीची होते आणि हेलिकॉप्टरच्या बातमीचे फोन करत होते.

आमच्या ह्यांची हौस एकच होती. सईसाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं आणि ते स्वतःच म्हणायचं होतं. आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही, कंपनीतले रजेचे अर्ज सोडून. सुरुवात अशी:

आजीच्या कडियेवरीच बसुनी जी बोलली बोबडे
ती गेली शिकली, नि आज सजली, जाते पतीच्याकडे

सईने सांगितलं होतं, "आबा, मला दुसरं काही नको. तुमचं तेवढं नीट ऐकायचंय." ते महिनाभर पाठ करत होते. आणि मी महिनाभर त्यांच्यामागे लागले होते, हळू म्हणा, ओरडू नका. कारण ते म्हणायला लागले की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, आणि हे बहिरे आहेत हे मला चाकणकरांना कळू द्यायचं नव्हतं. कानाचं यंत्र घेतलेलं होतं, ते डब्यात. ते लावलं की ताटवाट्यांचा आवाजही टोचतो म्हणून हे लावायचे नाहीत, आणि दिसायला नको म्हणून मी आग्रह करायचे नाही. हात वर केला की आवाज चढवा, खाली केला की उतरवा, असं मी शिकवलं. शेवटी ते इतकं हळू म्हणायला शिकले की मला धन्य वाटलं.

भाऊजी साखरपुड्यालाच मुलाच्या चुलत्यांना गाठून बसले. मी दुरून बघत होते, चुलते पुढे वाकून वाकून दमले. शेवटी मला दुभाषा म्हणून बोलावलं.

"ह्यांना म्हनावं, म्हातारं म्हननार हाय. तेवढा येळ हेलिकाप्टर लांब ठिवा. आन ड्रोन तर उडवूच नका."

चुलते म्हणाले, "हेलिकॉप्टर पाऊण वाजता बोलावलंय, मुहूर्त बारा पस्तीसचा. तोवर सगळं होतंय राव. पण ड्रोनचं काय? त्याला कुठे आवाज असतो?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. चुलत्यांची शेड, दिवसभर पत्रे ठोकायचे. मला सगळं कळलं आणि मी म्हणाले, "नाही हो, कसला आवाज. असू द्या ड्रोन."

लग्न आळंदीजवळच्या एका मोठ्या लॉनवर होतं, आणि त्या दिवशी सुरुवातीला सगळं वेळेवर झालं, हेच मला आधी खटकायला हवं होतं. सई पाटावर उभी, समोर अंतरपाट, पलीकडे मुलगा. गुरुजींची मंगलाष्टकं झाली. मग हे पुढे आले. कोऱ्या धोतरात, फेटा जरा तिरका. त्यांच्या हातात माईक दिला. तो त्यांनी बॅटरीसारखा धरला, पोटाशी, तोंड वर करून.

ड्रोन चालवणारी एक मुलगी होती, गळ्यात पट्टा, हातात रिमोट. चुलते तिला म्हणाले, "खाली घे अजून, आजोबांचा चेहरा आला पाहिजे." तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण घेतला. ड्रोन ह्यांच्या फेट्यावर येऊन थांबला. आणि पोटाशी धरलेल्या माईकमध्ये आमच्या ह्यांचा आवाज गेलाच नाही. ड्रोनचा गेला. लॉनच्या आठही स्पीकरमधून तो झींऽऽ करत बाहेर आला. बायकांनी पदर कानांवर नेले. लहान मुलं रडायला लागली. आणि मध्ये हे उभे, डोळे अर्धे मिटलेले, मी शिकवलं तसं हळू, गोड, तालात ओठ हलवताहेत. चार ओळी पूर्ण म्हटल्या. एकाही माणसाला एक अक्षर कळलं नाही. सई अंतरपाटावरून आबांच्या ओठांकडे बघत होती.

त्यांचं म्हणून झालं. लोकांनी, हे काय होतं ते न कळून, टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्यांना दिसल्या. चेहरा असा उजळला की मी पन्नास वर्षांत दोनदाच तो तसा पाहिला असेल. मी मनात म्हटलं, देवा, झालं. त्यांना आपण म्हटलं असं वाटतंय, लोकांनी टाळ्या दिल्यात, अक्षता टाका आणि संपवा.

तेवढ्यात भाऊजी स्टेजवर चढले.

कुणाला धक्का नाही, घाई नाही. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "वैनी, त्याला सांगा. कुनाला ऐकू आलं न्हाई. परत म्हन म्हनावं."

हे आमच्याकडे बघत होते. "काय म्हणतोय तो?"

मी त्यांच्या कानाशी गेले. "छान झालं म्हणतायत."

हे हसले. भाऊजी जागचे हलले नाहीत. "वैनी, आसं म्हनलो न्हाई मी."

"खाली जा भाऊजी," मी दातओठ खाऊन म्हणाले. "मुहूर्त जाईल."

"जाऊ द्या."

"सगळे बघतायत. व्याही बघतायत."

"बघू द्या. पोरीनं ऐकायचं हुतं. तिला आलं न्हाई."

ह्यांचं हसू थोडं ढळलं. बहिऱ्या माणसाला ओठ कळतात, चेहरे तर फारच कळतात. ते सईकडे वळले. "आलं ना बेटा ऐकू?" सईने मान हलवली, हो, हो. डोळे भरलेले. सुनेने हो म्हटलं, आमच्या मुलाने हो म्हटलं, चुलते म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास, आजोबा." मग हे माझ्याकडे बघायला लागले.

त्या क्षणी मला भाऊजींचा जितका राग आला तितका कुणाचा आला नसेल. एवढी हो म्हणणारी माणसं, आणि ह्या एकाने नाही म्हणून मला कुठे आणून उभं केलं. हो म्हणायला काय लागत होतं मला. सवय होती. पण मघापासून एक गोष्ट मला दिसत होती. ह्यांना हवं होतं ते उत्तर चौघांनी दिलं होतं, आणि तरी ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. आयुष्यभर जगात काय बोललं जातं ते त्यांना माझ्याच तोंडून कळलेलं.

"नाही आलं," मी म्हणाले. ते हळू निघालं, म्हणून पुन्हा म्हणाले, पार स्वयंपाकघरातून कट्ट्यापर्यंत जायचा तेवढ्या मोठ्याने. "कुणालाच नाही आलं. वर ड्रोन होता, त्याचाच आवाज आला. तुम्हाला तो ऐकू येत नाही."

अख्ख्या लॉनला ते कळलं. चाकणकरांना कळलं. माझ्या जावेला कळलं.

ड्रोनच्या मुलीने कुणाची वाट न बघता ड्रोन खाली उतरवला. एकदम इतकं शांत झालं की पंगतीकडे भात ओतलेला कळला. ह्यांनी फेटा सरळ केला. मग माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा धर. मी माझ्या आवाजात म्हणतो. तू हात वर-खाली करू नको."

आणि त्यांनी सुरू केलं. हॅमर शॉपच्या आवाजात. सूर गेला, ताल गेला, पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतली मुलं दचकली. पण ‘बोबडे’ला सई हसली, रडता रडता. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, ‘नि आज सजली’ म्हणून ते थांबले. छातीवर हात ठेवला. मला वाटलं, आता हे काय. मग मला आलं ऐकू. पाऊण वाजला होता. हेलिकॉप्टर ठरल्या वेळी निघालं होतं, लग्नच ठरल्या वेळी नव्हतं.

त्यांनी हात वर केला, फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत थांबतात तसा. सगळं लॉन थांबलं. गुरुजी थांबले. हेलिकॉप्टर वरून आलं, फुलं टाकली. ती वाऱ्याने निम्मी मठ्ठ्यात, निम्मी मागच्या घरांच्या गच्च्यांवर. आणि अंतरपाट गुरुजींच्या हातून सुटून वर गेला. सई आणि तो मुलगा समोरासमोर उभे, अक्षता पडायच्या आत एकमेकांकडे बघत, दोघांच्या डोक्यात पाकळ्या. गुरुजी धावले, चुलते धावले. हे तसेच, हात वर. आवाज लांब गेला, छातीवरून त्यांचा दुसरा हात खाली आला, आणि ते म्हणाले, "जाते पतीच्याकडे." अंतरपाटाशिवायच.

जावेने मला नंतर विचारलं, "किती वर्षं झाली ऐकू येत नाही?" मी सांगितलं. तेलाच्या बाटल्यांचंही सांगितलं. ती हसली नाही, म्हणून मीच हसले.

दुपारी गाडीतून घरी निघालो. भाऊजी पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे. आळंदी रस्त्याला गर्दी, गाडी मुंगीच्या पावलांनी. मी भाऊजींशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हे खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "अगं, तो ड्रोन कसा वाजत होता? करून दाखव."

"आता? गाडीत?"

"कर की."

मी पैठणीत, गळ्यात हार, नाकात नथ. दातांतून झीं केलं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "कर ना."

"करतेय."

"करतेस?" त्यांनी आपली तर्जनी अर्धी वर धरली, भाऊजींनी पार्किंगमध्ये हात वर करायला लावले होते तशी नाही, अशीच, शाळेतल्या मुलासारखी. "जरा खाली ये. अजून खाली."

मी आवाज उतरवत गेले. डासावरून भुंग्यावर आले, भुंग्यावरून मिक्सरवर, तिथून पार घशात. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. बोट ताठ झालं. "हां," हे म्हणाले. "आला."

"वैनी," पुढून भाऊजी मागे न बघता म्हणाले, "ड्रोन एवढ्या खाली येत न्हाई. ह्यो ट्रक झाला."

ह्या माणसाला कधी, कुठे, काय बोलू नये हे कळणार नाही ते नाहीच. मी श्वास घेतला आणि तिथूनच हळूहळू वर चढायला लागले. ह्यांचं बोट ताठ होतं. मी चढले तरी ते तसंच राहिलं, आणि एका ठिकाणी, आवाज ऐकू येईनासा होताच, खाली आलं. मी तिथेच थांबले. पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. घर येईपर्यंत तेच चाललं होतं, आणि बोट जिथे खाली यायचं त्याच्या वर मी एकदाही गेले नाही.